मी, भय्यासाहेबांची खालची कवळी

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे, आणि त्यातही खालची. वरची माझी बहीण. आमच्या जातीत मान असतो तो वरचीला. ती टाळूला घट्ट चिकटून बसते, हसताना तीच दिसते, कौतुकही तिचंच होतं. खालचीच्या वाट्याला हिरडीची एक अरुंद पट्टी येते. एका बाजूने गाल ढकलतो, दुसऱ्या बाजूने जीभ ढकलते, आणि तरी जागचं हलायचं नाही असा हुकूम असतो. हे एवढ्यासाठी आधी सांगते, की पुढे जी जखम झाली ती माझ्या बहिणीने केली नाही. ती मी केली. त्या दिवसांत मी इतकी भ्यायले होते, की माझ्या हिरड्या प्लॅस्टिकच्या नसत्या तर त्यांच्यावर काटा आला असता.

माझा जन्म नऊ वर्षांपूर्वी जबलपूरला, कांचघर नावाच्या वस्तीतल्या एका दातांच्या दवाखान्यात झाला. डॉक्टर राजश्रीबाईंनी भय्यासाहेब वैरागडे नावाच्या गृहस्थांच्या तोंडाचं माप एका गुलाबी लगद्यात घेतलं. त्यावरून प्लास्टरचा साचा झाला, साच्यावर मेणाच्या हिरड्या झाल्या आणि मेणात एकेक दात रोवला गेला. दातांचा रंग निवडायला भय्यासाहेबांच्या पत्नी, शरयूकाकू, जातीने हजर होत्या. भय्यासाहेबांना पांढरेशुभ्र दात हवे होते. "माणसाचे दात घ्या, टाइल्स नको," असं म्हणून काकूंनी किंचित पिवळसर रंगावर बोट ठेवलं. मग मेण वितळवून त्याच्या जागी गुलाबी प्लॅस्टिक भरलं, पितळी डब्यात आवळून उकळत्या पाण्यात शिजवलं, घासूनपुसून गुळगुळीत केलं, आणि मी जगात आले.

तेव्हा माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता. डॉक्टरबाईंनी मला भय्यासाहेबांच्या हातात दिलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सगळं बजावून सांगितलं. रात्री झोपताना दोन्ही कवळ्या काढून पाण्यात ठेवायच्या. मऊ ब्रशने धुवायच्या, गरम पाणी लावायचं नाही. हिरड्यांनाही विश्रांती लागते. वर्षातून एकदा दाखवायला यायचं, कारण दात गेले की जबड्याचं हाड हळूहळू झिजतं आणि कवळी सैल होते. कुठे टोचलं तर लगेच यायचं, घरी काही करायचं नाही. भय्यासाहेबांनी प्रत्येक वाक्याला "अच्छा" म्हणून मान हलवली. मित्रांनो, मोठी माणसं सारखं अच्छा अच्छा म्हणायला लागली की समजावं, त्यांनी ऐकणं थांबवलं आहे.

आता भय्यासाहेब कोण ते सांगते. खमरियाच्या सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं फिटर म्हणून काम केलेला हा माणूस. लोखंडाचे दोन भाग एकमेकांवर असे बसवायचे की मध्ये केसही शिरू नये, हा त्यांचा धंदा आणि हाच त्यांचा अभिमान. निवृत्तीनंतर कांचघरात घर बांधलं तेव्हा प्रत्येक दाराची बिजागरी त्यांनी स्वतः बसवली. घरात मिक्सर बिघडो, कुकर बिघडो, की नातीची सायकल कुरकुरो, बाहेरचा माणूस बोलवायचा नाही. बोलवला तर तो त्यांना अपमान वाटे.

दातांच्या बाबतीत मात्र हे हात कमी पडले. हिरड्या सुजल्या, दात हलले, एकेक करत सगळे काढावे लागले. मी तयार होईपर्यंतचे दोन महिने ते तोंडावर रुमाल धरून वावरले. एकदा एका लग्नात रुमाल खाली आला आणि जुना दोस्त हसत म्हणाला, "अरे भय्या, तू तर अगदी आपल्या बापासारखा दिसून राहिला." तो गमतीत बोलला होता. पण वडिलांच्या बोळक्याला सगळी गल्ली हसायची, हे भय्यासाहेब लहानपणापासून बघत आले होते. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, की एकदा कवळी बसली की बिनदाताचं तोंड कोणालाही दिसू द्यायचं नाही, शरयूलासुद्धा नाही.

म्हणून मित्रांनो, मला कधी रात्रीचं पाणी मिळालं नाही. सकाळी न्हाणीघराची कडी लावून ते आम्हा दोघी बहिणींना धूत, तोंड आरशाकडे न करता, आणि ओल्यानेच परत बसवत. बस, दिवसभरात तेवढीच काय ती मोकळी हवा.

सुरुवातीची वर्षं मात्र सुखाची गेली. पहिला आठवडा तोंडाला नुसतं पाणी सुटत होतं आणि शब्द घसरत होते. मग जमलं. सकाळी पोहे, कधी खव्याची जलेबी, संध्याकाळी मुगाच्या डाळीचे मंगोडे. दात आहेत तर चणे नाहीत अशी म्हण आहे, पण आमच्या घरी चणेही होते आणि दातही आले होते. सगळ्यात आनंदाची वेळ म्हणजे संध्याकाळची. मुलगा अनुपम आणि सूनबाई ऑफिसातून यायच्या आधी, नात प्रणोती मराठीचं पुस्तक घेऊन आजोबांजवळ बसायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायची हिंदी. आजोबा एक ओळ वाचत, मग ती वाचे. 'च' म्हणताना जीभ कुठे टेकवायची हे ते आपलं तोंड उघडून दाखवत, आणि त्या वेळी मी बाहेरचा उजेड बघत असे. मुलीचं ते बारीक, लक्षपूर्वक बघणारं तोंड मला फार आवडायचं. तिला हे दात आजोबांचे खरेच दात वाटत, आणि कोणी वेगळं सांगितलं नव्हतं.

पाचव्या वर्षी मी सैल झाले. खरं म्हणजे मी होते तेवढीच होते, त्यांचं हाड झिजत चाललं होतं. जेवताना मी डुगडुगायचे, माझ्याखाली शेंगदाण्याचा कण शिरला की त्यांचे डोळे मिटायचे. डॉक्टरबाईंकडे जायचं हे त्यांच्या मनातही आलं नाही. चौतीस वर्षं ज्याने यंत्रं जागेवर बसवली त्याला प्लॅस्टिकचा एक तुकडा बसवता येऊ नये?

टूलरूममध्ये दोन भाग नीट टेकतात का हे बघायला एका भागाला निळा रंग लावत, दुसरा त्यावर ठेवून दाबत, आणि रंग जिथे पुसला जाई तिथे उंचवटा आहे असं समजून तेवढाच घासत. भय्यासाहेबांनी तीच युक्ती काढली. निळा रंग तोंडात कसा घालणार? त्यांनी शरयूकाकूंच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू घेतलं, तिळाच्या तेलात कालवलं आणि माझ्या पोटाला, म्हणजे हिरडीवर टेकणाऱ्या बाजूला, फासलं. मला तोंडात घालून दात आवळले, काढलं, भिंगातून बघितलं. जिथे कुंकू पुसलं गेलं होतं तिथे बारीक कानस चालवली. मग पॉलिशपेपरने काठ गुळगुळीत केला. दुखणं थांबलं. सुंठेवाचून खोकला गेला म्हणून ते दिवसभर खुशीत होते.

पण मित्रांनो, लोखंड सुजत नाही. हिरडी सुजते. आज जिथे ती उंच लागते तिथे उद्या ती उंच नसते, आणि कानशीने गेलेलं प्लॅस्टिक परत येत नाही. दर तीन-चार महिन्यांनी कुंकू निघायचं, कानस निघायची, आणि प्रत्येक वेळी मी त्या तोंडाला थोडी थोडी परकी होत जायचे. न्हाणीघराच्या बेसिनवर लाल डाग बघून काकू म्हणायच्या, "माझा करंडा रिकामा करून राहिले तुम्ही. उद्या बायांना काय लावू?" आणि भय्यासाहेब म्हणायचे, "कारखान्याचं काम आहे, सरकारी ऑर्डर समज." घरात ती एक नेहमीची थट्टा होऊन बसली होती.

गेल्या दिवाळीला घात झाला. काकूंच्या चकल्या खाता याव्यात म्हणून त्यांनी धनत्रयोदशीच्या दुपारी मला शेवटचं घासलं. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. पॉलिशपेपर संपला होता आणि बाजारात गर्दी होती. "चलो, काम झालं," असं म्हणून त्यांनी मला तसंच बसवलं. माझ्या आतल्या काठाला, जिभेच्या बाजूला, एक बारीकशी धार राहून गेली होती. मला ती कळली होती. पण मला तोंडात जागा असली तरी स्वतःचं तोंड नाही.

पहिली चकली चावली आणि ती धार त्यांच्या जिभेखालच्या मऊ मांसात गेली. त्यांनी उरलेली चकली हळूच रुमालात बांधली. काकूंना "मस्त झाली" असं सांगितलं.

त्या दिवसापासून माझी भीती सुरू झाली. मी हलले की कापायचे, न हलले की रुतायचे. जखमेवर खपली धरायची वेळ येई तेवढ्यात ते बोलत, हसत, गिळत, आणि मी पुन्हा तिथेच जात असे. सकाळी धुण्यापुरतं सोडलं तर ते मला काढत नव्हते, रात्रीसुद्धा नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. जखमेचे काठ कडक व्हायला लागले. मला ते माझ्या अंगाला जाणवत होते आणि मी देवाची प्रार्थना करत होते, की हे हात मला उचलून खिडकीबाहेर फेकून देवोत.

भय्यासाहेबही घाबरले होते. त्यांना बंडू आठवत होता. बंडू टूलरूममध्ये शेजारच्या टेबलावर काम करायचा, तंबाखू खायचा. त्याच्याही जिभेखाली एक जखम झाली होती, न भरणारी. सात-आठ महिने त्याने ती लपवली, मग दाखवली, मग त्याचा अर्धा जबडा काढावा लागला, आणि वर्षाच्या आत बंडू गेला. शरयूकाकू म्हणायच्या, बिचाऱ्याने दाखवायला उशीर केला म्हणून गेला. भय्यासाहेबांनी मात्र त्यातून आपला वेगळाच हिशेब काढला होता: दाखवलं म्हणून गेला. भ्यायलेल्या माणसाची अक्कल अशी उलटी चालते. त्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता, तरी आरसा टाळणारा हा माणूस आता रोज आरशात जीभ उचलून जखमेवरचा पांढुरका डाग बघत राही. मी बेसिनच्या कडेवर पडून ते बघत असायचे, आणि मनात म्हणायचे, याला कारण मी आहे.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यांनी आधी भाकरी सोडली, मग पोळी, मग भाजी. नुसत्या मऊ खिचडीवर आणि दुधावर दिवस काढायला लागले. पँट खाली उतरायला लागली तेव्हा पट्ट्याला त्यांनी स्वतःच दोन नवी भोकं पाडली. "काहून जेवून नाही राहिले तुम्ही?" असं काकू विचारत. "पोट साफ नाही," एवढं म्हणून ते उठत.

आणि त्यांनी बोलणं सोडलं. हे सगळ्यात वाईट झालं. दिवसभर घरात गप्पा मारणारा माणूस हूं आणि हं वर आला. काकूंना वाटलं, आपलंच काही चुकलं. मुलाला वाटलं, आपण पुण्याला बदली घेतो म्हटलं त्याचा बाबांना राग आला. प्रणोती दोन दिवस पुस्तक घेऊन आली, दोन्ही दिवस आजोबांनी हातानेच नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती दारातच थांबली आणि आजीला म्हणाली, "आजी, मैं मराठी ठीक से नहीं बोलती ना, इसलिए आजोबा बोर हो गए." भय्यासाहेबांनी ते ऐकलं. त्यांनी दात आवळले, म्हणजे मलाच आवळलं, आणि जखमेतून रक्त आलं. मुलगी निघून गेली. त्या मुलीचं मन आणि या माणसाचा जीव, दोन्ही माझ्या एका काठावर टांगलेले होते, आणि मला हलताही येत नव्हतं.

सकाळी थुंकताना आता रोज लाल येत होतं. काकूंनी एकदा विचारलं, "हे काय लाल?" भय्यासाहेब म्हणाले, "कुंकू. घासून राहिलो थोडं." काकू हसल्या आणि निघून गेल्या. एवढी सोपी थाप मी कधी ऐकली नव्हती. जुन्या थट्टेने ती आपोआप खरी करून टाकली.

मग संक्रांत आली. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी काकूंचं हळदीकुंकू असायचं. कांचघर, मदन महल, खमरिया, कुठून कुठून बायका यायच्या. त्या दिवशी सकाळीसुद्धा बेसिन लाल होतं, आणि सकाळीसुद्धा भय्यासाहेबांनी कुंकूच सांगितलं होतं. दुपारी चार वाजता तिळगुळाच्या वड्या ताटात मांडून काकूंनी करंडा उघडला.

मित्रांनो, काकू रोज कपाळाला टिकली लावत. देवघरातलं कुंकू वेगळं. करंडा निघायचा तो सणासमारंभाला. दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी तो काठोकाठ भरला होता आणि वर चमचा फिरवून सपाट केला होता. आता झाकण काढलं तर कुंकू तसंच होतं. काठोकाठ. त्यावर चमच्याचा तोच फिरवलेला गोल. तीन महिन्यांत त्यातली चिमूटसुद्धा कोणी घेतली नव्हती.

भय्यासाहेब आणि त्यांच्या तोंडात आम्ही दोघी त्या वेळी आतल्या खोलीत होतो, पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. पण मधलं दार उघडं होतं. बाहेर काकू एकेकीला हळद लावत होत्या, कुंकू लावत होत्या, वाण देत होत्या, "तिळगूळ घ्या" म्हणत होत्या. त्यांचा आवाज एका सुरात येत होता, इतका एका सुरात की मला भीती वाटायला लागली. शेवटची बाई गेली. बाहेरचं दार लागलं. काकू करंडा हातात घेऊनच आत आल्या.

"अहो, तोंड उघडा," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"करंडा भरलेला आहे. बेसिनमध्ये काय पडून राहिलं मग रोज?"

भय्यासाहेब पुन्हा भिंतीकडे वळले. सहनही होत नव्हतं आणि सांगताही येत नव्हतं. काकू त्यांच्याजवळ पलंगावर बसल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज घट्ट होता. "तुम्ही माझ्यावर रागावले असं समजून मी तीन महिने तोंड मिटून बसले. रागावले नसाल तर उघडा."

नऊ वर्षांत पहिल्यांदा, न्हाणीघराची कडी न लावता, दुपारच्या उजेडात, भय्यासाहेबांनी आधी बहिणीला काढलं आणि मग मला. गाल आत गेले. ओठ दुमडले. त्यांनी सवयीने रुमाल शोधला, तो काकूंनी बाजूला ठेवला. काकू हसल्या नाहीत आणि दचकल्याही नाहीत. त्यांनी जीभ उचलायला सांगितली, टॉर्च लावला, आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग फोन उचलून डॉक्टर राजश्रीबाईंना लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या जन्मस्थानी परत गेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत. डॉक्टरबाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी जखम पाहिली, मान दोन्ही बाजूंनी चाचपली. वरच्या टाळूवर बहिणीच्या आकाराएवढा लालभडक भाग होता, तोही पाहिला. चोवीस तास कवळी घातल्याने तिच्याखाली बुरशी धरली होती. मग त्यांनी मला उचललं, काठावरून बोट फिरवलं आणि ते झटकन मागे घेतलं.

"काका, हे कोणी घासलं?"

"मीच. टूलरूमचा माणूस आहे मी," भय्यासाहेब म्हणाले. बिनदाताने ते 'तूलूम' असं काहीतरी निघालं, आणि त्यांनी मान खाली घातली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि सरळ बोलल्या. "जखम घासून झाली असेल तर घासणारी वस्तू काढली की दोन आठवड्यांत भरायला पाहिजे. ही कवळी आता तोंडात जाणार नाही. वरचीसुद्धा काही दिवस नाही. दोन आठवड्यांनी बघू. नाही भरली तर एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. घाबरू नका असं मी म्हणणार नाही. पण लपवू नका."

मला त्यांनी एका वाडग्यात, पाण्यात ठेवून घरी पाठवलं. आयुष्यभर ज्या पाण्याची वाट बघितली ते असं मिळालं. भय्यासाहेबांच्या खोलीतल्या कपाटावर मी पडून असायचे. बहीण शेजारीच होती. मला एकच प्रश्न पडला होता. मी बाहेर आले आहे, आता ती जखम भरते की नाही? भरली तर मी फक्त एक वाईट बसलेली कवळी. नाही भरली तर मी कोण?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रणोती आत आली. आजीने तिला सगळं सांगितलं असावं, कारण तिने आधी वाडग्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. भय्यासाहेबांचा हात तोंडावर गेला.

"आजोबा, आप मुझसे गुस्सा नहीं थे?"

त्यांनी मान हलवली. मग हात खाली घेतला आणि बोलले. "नाही ग. दुखत होतं. मी भ्यालो होतो."

शब्द ओले आणि बोबडे निघाले. मुलगी जवळ सरकली, पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं. "चलो, वाचा." आजोबांनी वाचलं. 'च' काही केल्या लागेना. तिने आपलं तोंड उघडून जीभ कुठे टेकवायची ते त्यांना दाखवलं, अगदी त्यांनीच शिकवलं होतं तसं, आणि त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा बिघडलं. मग ती हसली. ज्या हसण्याला हा माणूस नऊ वर्षं घाबरत होता, ते शेवटी त्याच्या घरात आलं होतं. भय्यासाहेब तिच्याकडे बघत राहिले आणि मग तेही हसले, सगळं बोळकं उघडून. मी त्यांच्या तोंडात नसताना ते हसले, याचं मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

दोन आठवडे झाले. जखम निम्मी झाली होती, पण पूर्ण भरली नव्हती. डॉक्टरबाईंनी तुकडा काढून पाठवायचं ठरवलं. त्यानंतरचे आठ दिवस मी सांगू शकत नाही. काकू देवाजवळ बसत आणि लगेच उठत. भय्यासाहेबांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. 

नवव्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. काकूंच्या पिशवीत मी होते, कारण डॉक्टरबाईंनी जुनी कवळी घेऊन या म्हटलं होतं. बाईंनी कागद उघडला. मी पिशवीत होते, मला कोणाचाच चेहरा दिसत नव्हता.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "घासून झालेली जुनी जखम आहे. पण काका, अजून काही महिने गेले असते तर मी आज काय वाचलं असतं, मला माहीत नाही. दर महिन्याला दाखवायला यायचं."

काकूंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. मला त्यांच्या बोटांचा दाब कळत होता. 

मग बाईंनी मला मागून घेतलं. हिरड्या बऱ्या झाल्या की नवीन माप, नवी कवळी करू म्हणाल्या. मी त्यांच्या तळहातावर होते. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिनं जीव खाल्ला आमचा. फेकून द्या तिला."

मी ते ऐकलं. मला ते बरोबरच वाटलं.

भय्यासाहेबांनी हात पुढे केला. माझा तो काठ त्यांनी अंगठ्याने चाचपला, टूलरूममध्ये काम तपासावं तसा. मग हळूहळू, एकेक शब्द सांभाळत बोलले. "हिचा दोष नाही. ही रोज सांगून राहिली होती, दुखतं म्हणून. मीच ऐकलं नाही."

मित्रांनो, तीन महिने मी समजत होते की मला तोंड नाही. मी त्या माणसाला मारते आहे आणि मला एक शब्द बोलता येत नाही. त्या दिवशी कळलं, की मी ओरडतच होते. ते दुखणं म्हणजे माझीच हाक होती.

बाईंनी मला फेकलं नाही. भय्यासाहेबांची परवानगी घेऊन त्यांनी मला आपल्या टेबलाजवळच्या काचेच्या कपाटात ठेवलं, येणाऱ्यांना कानशीच्या खुणा दाखवायला. भय्यासाहेबांच्या तोंडात आता नवी कवळी आहे. रात्री ती पाण्यात असते, काकूंच्या पलंगाशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी. मी मात्र अजून घाबरते. दवाखान्यात रोज कोणीतरी म्हातारं माणूस येतं, गालावर हात ठेवून, आणि बाईंनी काही विचारायच्या आत म्हणतं, विशेष काही नाही. ते ऐकलं की मला पुन्हा त्या जखमेचा कडक काठ जाणवतो.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या घरातही कोणी आजी, कोणी आजोबा माझ्यासारखीला तोंडात घेऊन बसले असतील. ते अचानक कमी जेवायला लागले, कमी बोलायला लागले, तर रागावले असं समजू नका. जवळ बसा आणि तोंड उघडायला सांगा. ते "काही नाही" म्हणतील. पहिल्यांदा सगळेच तसं म्हणतात. तुम्ही मात्र तिथून उठू नका.